खुर्ची हलवायची नाही

ताई मडकंसुद्धा चार वेळा वाजवून घेणारी. सख्ख्या भावाला कुठे पाठवायचं, हे ती माहितीपत्रक वाचून थोडंच ठरवणार!

धाकटा पस्तिशीचा. राग आला की भिंतीवर मूठ, आणि उतरला की अंथरुणात तोंड खुपसून रडणं. डॉक्टरांनी दिवसभराचं उपचारकेंद्र सुचवलं होतं: सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. पहिल्या केंद्रात फारच शांतता होती, दुसऱ्यात फारच गोड बोलणं.

"हे शेवटचं हं, ताई," तो म्हणाला होता. "इथे नाही पटलं तर पुन्हा कुठेच येणार नाही."

तो बोलेल तसं करतो, हे तिला ठाऊक होतं. तरी या तिसऱ्या केंद्रातही तिचे डोळे खोलीभर फिरत होते. गोलात मांडलेल्या खुर्च्या, दार सताड उघडं. गट चालवणाऱ्या बाईंनी दोघांनाही बसवून घेतलं. थोड्याच वेळात गटातला एक टॅक्सीवाला कशावरून तरी भडकला आणि ताडताड बाहेर गेला. कुणी मागे धावलं नाही.

"आता?" ताईने विचारलं.

"राग आला तर बाहेर जायची मुभा आहे. खुर्ची मात्र कुणी हलवायची नाही."

"आणि परत आलाच नाही तर?"

"होतं असंही कधीकधी."

हे उत्तर ताईला आवडलं. टॅक्सीवाला पाणी पिऊन आला आणि आपल्या त्याच खुर्चीत बसला.

मग बाईंनी धाकट्याला विचारलं, "राग येण्याआधी अंगात काय होतं तुमच्या?"

"कान तापतात त्याचे," ताई म्हणाली.

"त्यांना विचारलंय."

"अहो, त्याला नाही सांगता येत. लहानपणापासून..."

"ताई, त्यांना विचारलंय."

"त्याला मी वाढवलंय, तुम्ही नाही!" म्हणत ताई उठली आणि तरातरा बाहेर पडली.

व्हरांड्यात तिने कानाला हात लावला. तापले होते ते तिचेच कान! तिला नवल वाटलं आणि लाजही. मागे कुणी आलं नाही, भाऊसुद्धा नाही. उघड्या दारातून त्याचा आवाज मात्र आला.

"कान नाही... आधी हात गार पडतात माझे."

इतकी वर्षं ती नुसती कानांकडे बघत होती.

ती परत आली. खुर्ची तिथेच होती, तिची पर्ससुद्धा.

"मग, काय ठरलं?" शेवटी बाईंनी विचारलं. धाकट्याने सवयीने ताईकडे पाहिलं. ताईने ओठ घट्ट मिटून घेतले.

"उद्या येतो," तो म्हणाला. "एकटाच."

जिना उतरताना तिने गुपचूप त्याचा हात धरून पाहिला. कोमट होता.