नमुना बर्फात ठेवू नये

शालन वारली त्या सकाळी लॅबमधून फोन आला, की तिचं रक्त अजून जिवंत आहे, येऊन घेऊन जा.

मयत अंगणात होतं. मी चपला घातल्या. मेहुणा म्हणाला, "दाजी, आता कुठं?"

"लॅबमध्ये."

"लवकर या. माणसं खोळंबलीत."

लॅबमधल्या मॅडमनी नळी काउंटरवर ठेवली. बुचाखालून वीतभर काळे केस बाहेर आले होते. मॅडमनी त्यांना रबर लावलं होतं.

"रक्तातल्या पेशींना केस फुटतात असा एक आजार आहे," त्या म्हणाल्या. "लाखात एखाद्याला होतो. पण नमुना मशीनवर घातल्याशिवाय आजाराचं नाव लिहिता येत नाही."

"बरा होतो?"

"बहुतेकांचा होतो. तुम्ही मागचा नमुना बर्फातून आणलात. पेशी मेल्या. त्यात नऊ दिवस गेले."

मी सव्वीस वर्षं दूध डेअरीत आहे. नासणारी वस्तू गार ठेवायची, एवढंच मला येतं. हाडातला मगज तपासायला घातलेली सुई कोरडी निघाली, तेव्हा सगळी भिस्त त्या रक्तावर होती. म्हणून मी मूठभर बर्फ जास्तच घातला. नळीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, बर्फात ठेवू नये. मला वाटलं, लिहिणारा चुकला.

"मयत अजून उचललं नाही ना?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग वेळ आहे. नाव निघालं की औषध सुरू करू. मशीन कॉरिडॉरच्या टोकाला आहे. नमुना नातेवाइकांनीच न्यायचा. गार होऊ देऊ नका."

मी चालू लागलो. पावलागणिक कॉरिडॉर एका फरशीनं वाढत होता.

"अहो," नळीतून शालन म्हणाली, "हात किती गार तुमचे."

"डेअरीचे आहेत."

"लग्नातही असेच होते. मी कुणाला बोलले नाही."

"गप्प बस. रक्त हलतंय."

मेहुण्याचा फोन आला. "दाजी, बांधायला घेतलंय."

माझ्या मुठीत नळीवर दव धरलं, मग बर्फाची साय. मी ती खिशात ठेवली. खिसा गार झाला. काखेत धरली. काखही गार. अंगात ऊब अशी एकाच ठिकाणी उरली होती. मी नळी तोंडात धरली आणि ओठ मिटले.

कॉरिडॉर तिथंच संपला. समोर खिडकी होती. आत एक माणूस रजिस्टर उघडून बसला होता. त्याच्यामागे मशीन गुरगुरत होतं.

"पेशंटचं नाव?"

मी खिडकीतून हात आत घातला आणि खुणेनं लिहायला पेन मागितलं. पेन माझ्या बोटांत गोठलं.

"तोंडानं सांगा हो. नावाशिवाय नमुना घेत नाही."

जिभेवर नळी कोमट होती. केस घशापर्यंत आले होते. खिशात फोन वाजत होता.

"बंद करायची वेळ झाली," तो म्हणाला. "नाव?"

नाव सांगायचं राहिलं आहे.