पेठ रोडचा समुद्र

बाजारात माझ्या तोंडी कुणी लागत नाही, आणि लागूही नये. मासा मी उधार घेत नाही, मग बघून का घेऊ नये? हातात धरायचा, कल्ला उचलायचा, डोळे बघायचे, आणि मग काय ते बोलायचं. पण मुबीन मासेवाल्याला ते सोसेना. गेल्या महिन्यात मी त्याच्या पाटीतली एकेक तांबोशी उचलून परत टाकत होते, तर त्याने कोयता खाली ठेवला आणि माझ्यापुढे हात जोडले. "मावशी, आता समुद्रात जाऊन तुम्हीच पकडा," म्हणाला. मला वाटलं, रागात बोलला असेल. पण मेल्याने नाशकात खरंच समुद्र आणला.

ते मला कळलं नेमकं ज्या रविवारी संजना जेवायला येणार होती त्या दिवशी.

संजना माझी एकुलती एक. वर्षापूर्वी तिने रजिस्टर लग्न केलं आणि मला कळवलं ते नंतर, तेही तिच्या पप्पांच्या तोंडून. कारण काय, तर म्हणे मी प्रत्येक स्थळात खोट काढते. काढणारच. एकाची नोकरी ठेकेदाराकडची, एकजण आईला विचारल्याशिवाय पाणी पीत नव्हता, आणि एकाने तर आमच्यासमोर कान कोरला. तिने निवडलेला बुद्धभूषण मी बघितलाच नाही, त्यामुळे त्याच्यात खोट काढायची राहूनच गेली. मी बोलणं टाकलं, तिनेही टाकलं. चौदा एप्रिलला सगळी कॉलनी मिरवणुकीत होती, मी मात्र फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होते. ती आली नाही. जीव तुटायचा माझा, खोटं कशाला बोलू.

आणि मग ह्यांच्या मोबाईलवर तिचा फोन आला. रविवारी दोघं जेवायला येतो, मम्मीला तांबोशी करायला सांगा, एवढंच म्हणाली. आमचे हे, म्हणजे भिमाजी, रेल्वेत इगतपुरीला होते तेव्हा कसाऱ्याकडून मासेवाल्या वर यायच्या. हा लाल मासा संजना तेव्हापासून खाते. पोरीने वर्षभराने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. ते ताटात पडलं नाही तर ती पुन्हा कधी मागणार नाही, हे मला पक्कं कळत होतं.

सकाळी बाजारात गेले तर मुबीनच्या ओट्यावर मासा नाही, नुसता फळा, त्यावर खडूने लिहिलेलं. तांबोशी पेठ रोडला मिळेल, स्वतः पकडावी. बाकीच्यांकडे धरणातले रोहू आणि कटला. आख्ख्या बाजारात तांबोशी ठेवणारा तो एकटाच. काय करणार, रिक्षा केली.

पेठ रोडला एक लग्नाचं लॉन बंद पडलेलं आहे. मुबीनने ते भाड्याने घेतलं होतं. मधल्या कारंज्याच्या मोठ्या हौदात टँकरने खाडीचं पाणी आणून ओतलं होतं, काठाला वाळू पसरली होती, आणि पाण्यात जिवंत तांबोश्या सोडल्या होत्या. पाणी गुडघाभर. दारात लग्नातली ती हात जोडणारी बाहुली अजून चालू होती. नवरानवरीच्या सोनेरी खुर्चीवर मुबीन गळ्यात शिट्टी अडकवून बसला होता. मला बघून उठलासुद्धा नाही. म्हणाला, समुद्रात जायचं तर लाइफ जॅकेट घालावं लागेल.

बसायला बागेतल्या असतात तसल्या हंसाच्या पायडल बोटी होत्या. मला एका हंसात बसवलं, हातात गळ दिला, आकड्याला कोळंबी लावून दिली. दत्तू नावाचा एक माणूस गमबूट घालून पाण्यातून फिरायचा आणि आळीपाळीने एकेक हंस गदागदा हलवायचा. ती लाट. एक रिटायर तलाठी दुसऱ्याच लाटेला काठावर जाऊन ओकले. मुबीनने मोटर सुरू करून वीतभर पाणी उपसलं की ओहोटी लागायची, आणि सगळ्यांचे चेहरे पडायचे. पलीकडच्या काठावरून कुणीतरी सहज हात हलवला, तर माझ्या पुढच्या हंसातली चांदवडची बाई डोळ्याला पदर लावून बसली. तिला म्हणे घरची आठवण आली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मुबीनचा नियम असा, की समुद्रात बोलायचं नाही. आवाजाने मासा बिचकतो. जो बोलेल त्याच्या नावाने शिट्टी आणि तो समुद्राबाहेर. हा नियम त्याने कुणासाठी केला ते मला कळत नव्हतं का? माझ्याकडे बघत मिशीत हसत होता. कोळंबी शिळी होती, मी गप्प बसले. हंसाची मान मोडकी होती, मी गप्प बसले. लालभडक पाठ माझ्या बोटीखालून सरकायची, कोळंबी खायची, गळाला न लागता निघून जायची, आणि मी ओठ दाबून बसायची. जन्मात एवढी गप्प मी कधी बसले नव्हते. छाती नुसती भरून आली होती.

ऊन डोक्यावर आलं. ह्यांचा मेसेज आला, मसाला वाटून झालाय, पोरं आलीत, तू कुठंयस. मी लिहिलं, समुद्रात. त्यांनी लिहिलं, बरं. पुढे काही विचारलंच नाही. इतकी वर्षं माझ्याबरोबर काढली आहेत त्यांनी. मी मात्र रडकुंडीला आले. पोरगी दारात आली आणि मी रिकाम्या हाताने खाऱ्या पाण्यात. आता ती उठून जाणार, असंच मनात येत होतं.

ती गेली नाही. बाजारात मुबीनचा फळा वाचून, पत्ता विचारत लॉनवरच आली. मागे तो बुद्धभूषण, हातात दोघांच्या चपला, वाळूत पाय कुठे ठेवू असं करत उभा. संजनाने माझ्याकडे बोट दाखवून दत्तूला काहीतरी सांगितलं. दत्तू तिला लाइफ जॅकेट घालायला लागला. पट्टा ओढला, तो पोटावरून पुरेना. दुसरं मोठं आणलं, त्याचाही पुरेना. ती ओढणी सारखी करत राहिली. आणि मी, जिला माशाचा शिळेपणा दहा पावलांवरून कळतो, त्या मला ते तेव्हा कुठे दिसलं.

पट्टा न लावताच ती माझ्या हंसात येऊन बसली. दत्तूने आम्हाला लाट दिली नाही, तेवढी माणुसकी दाखवली. आम्ही दोघी पाण्याकडे बघत होतो. मग ती अगदी हळू, मुबीनला ऐकू जाणार नाही असं बोलली.

"मम्मी, मला मासा नको होता. तू मुबीनशी भांडून आलीस की तासभर शांत असतेस. पप्पा सगळं अवघड त्याच तासात सांगतात तुला. मीही तेच ठरवलं होतं."

आणि पाण्याकडेच बघत ती म्हणाली, "बाळंतपणाला इकडे येऊ का?"

पहिलं बाळंतपण. ते आईने म्हणायचं असतं, माहेरून न्यायला जायचं असतं. माझ्या पोरीवर ते विचारायची वेळ आली, आणि विचारण्याआधी माझा राग बाजारात उतरवून घ्यायची. पण आज मी भांडले कुठं होते? सकाळपासूनचं सगळं जिथल्या तिथं होतं, आणि त्याच्याखाली वर्षभराचं.

"माहेरी यायला विचारतात का गं? मी काय मेले होते?"

ही पहिली दोन वाक्यं. पुढचं पेठ नाक्यापर्यंत ऐकू गेलं असेल. सहाव्या महिन्यात बोटीत बसतात का, या खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडीवर आलीस का, अंग धरलेलं नाहीये, खातेस काय, डॉक्टर कोण, वर्षभर कुठं होतीस. मुबीन शिट्टीवर शिट्टी मारत होता. सगळ्या तांबोश्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या. तलाठी पुन्हा ओकले. संजना माझ्या खांद्यावर डोकं टाकून रडत होती, आणि मी तिला थोपटत थोपटत ओरडत होते.

बायकोला काहीतरी झालं समजून बुद्धभूषण तसाच समुद्रात शिरला. गुडघाभर पाण्यातून धावत हंसापाशी आला, पँट भिजलेली, चपलांचे दोन्ही जोड अजून छातीशी धरलेले. "मम्मी, काय झालं? माझं काही चुकलं का?" म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता.

मुबीनने आम्हा तिघांना समुद्राबाहेर काढलं. कायमचं, असंही वर सांगितलं. मी रिक्षाला हात केला. संजनाला आधी बसवलं, जपून.

"अहो जावई," मी म्हटलं, "हिची बॅग आजच आणा. आणि तुमचीही आणा."

"माझी?"

"मग रात्री हिच्या उशाशी कोण बसणार, मुबीन?"