सातवी पास बाक

मी एक जुना बाक आहे. सुरतेत भेस्तानजवळच्या एका मराठी शाळेत राहतो. कापड विणायचं लूमचं मशीन ज्या लाकडी पेटीतून आलं, त्या पेटीच्या फळ्यांतून मगन सुताराने मला बनवलं. 'ही बाजू वर' असं सांगणारा पेटीवरचा बाण त्याने घाईत खाली करून ठोकला. त्यामुळे मित्रांनो, मी जन्मापासून उलटा आहे. कोणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्यावर दोघांची जागा आहे. चौथीत तिथे चंचल आणि वैशाली बसायच्या. माझ्यावर बसून त्या शेवखमणीची एकच पुडी दोघींत खायच्या. सांडलेली शेव मला मिळायची.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली. तोंडाला रुमाल बांधून सगळा वर्ग खानदेशात गावी पळाला. चंचलचं घर राहिलं, कारण तिची आई सुभद्राबाई त्याच आठवड्यात बाळंत झाली. मुलगा झाला, धर्मेंद्र. घरात कोणी साधं शिंकलंही नाही.

दिवाळीनंतर वर्ग परतला आणि विचार करून ठरवलं, की जी पळाली नाही तिलाच प्लेग असणार. हा विचार माझ्यासारखाच उलटा होता.

"आघी बेस, आघी!" वैशाली म्हणाली, म्हणजे लांब बस, आणि स्वतःच दुसऱ्या बाकावर गेली. मुलांनी डस्टर झटकून माझ्याभोवती खडूच्या भुकटीचं रिंगण काढलं. प्लेगमुळे गटारींवर मारलेली पावडर त्यांनी पाहिली होती ना.

"थोडे दिवस बस एकटी. विसरतील," सर म्हणाले.

सर विसरले. दर जूनमध्ये वर्ग बदलला, की मुलं 'प्लेगचा बाक' म्हणून मलाही तिच्यामागे वरच्या वर्गात ढकलायची. बाकांमध्ये बढती मला एकट्यालाच मिळाली. असा मी सातवी पास झालो. गणित बरं होतं.

चंचल सुरुवातीला माझ्यावर मधोमध दप्तर ठेवायची. मग दप्तर मांडीवर घेऊन अगदी कडेला बसू लागली, म्हणजे कोणी आलंच तर जागा हवी. कोणी आलं नाही. उत्तर येत असूनही तिचा हात माझ्याखालीच राहायचा. 'हजर' इतकं हळू म्हणायची, की हजर असून तिची गैरहजेरी लागायची.

आठवीची शाळा दुसरी होती. चंचल तिथे गेली नाही. निकालाच्या दिवशी सुभद्राबाई समजवायला लागली, तेव्हा माझ्यावर बसूनच चंचलने विचारलं, "तठे मनाजोडे कोन बसी?" म्हणजे, तिथे माझ्याजोडीला कोण बसणार? आईने तिचं दप्तर उचललं.  चंचल घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवू लागली.

दोन हजार सालच्या जूनमध्ये मला पहिलीत पाठवलं. तिथे चंचल धर्मेंद्रला घेऊन आली. त्याला माझ्या कडेला बसवून कानात म्हणाली, "कोनले सांगू नको, तू कधी जन्मला ते."

धर्मेंद्र मधोमध सरकला आणि ओरडला, "मी प्लेगमधी जन्मलो!"

माझे चारही पाय गार पडले.

"खरंच? उंदीर होते?" मुलांनी विचारलं.

"तेच पाळणा हलवायचे!"

मित्रांनो, अर्धा वर्ग माझ्यावर चढला. माझा एक पाय मोडला. विटेवर टेकवून मला व्हरांड्यात ठेवलं.

दुपारी चंचल भावाला न्यायला आली. मी सगळाच्या सगळा रिकामा होतो. ती कडेला बसली.

धर्मेंद्र नव्या दोस्तांना घेऊन धावत आला. त्यातली एक बारकी पोर तिला ढोसून म्हणाली, "सरक ना, ताई!"

कडेच्या पलीकडे जागा नव्हती.  चंचल मध्ये सरकली. तिथे फारसं कोणी न बसल्याने लाकूड अजून खरखरीतच होतं. पोर तिला चिकटून बसली आणि दुसऱ्या बाजूला धर्मेंद्र.

मित्रांनो, आम्हा बाकांना तेलपाणी नसलं तरी चालतं. पाय मोडला तर वीट लावा. पण कोणी कडेला एकटं दिसलं, तर जाऊन शेजारी बसा आणि त्याच दिवशी बसा. ही पोर शेजारी बसायला आली, तोवर चंचलची आठवी निघून गेली होती.