डाव्या हाताचा चाकू

वासंतीबाईंनी उजवा हात पाठीमागे नेऊन पदरात गुंडाळला आणि काउंटरवरचा चाकू डाव्या हाताने उचलला. अंगठ्याच्या नखाने पातं ओढायला गेल्या, तसा चाकू निसटून काचेवर आपटला.

"अरे, संभालके," दुकानदार म्हणाला. "दोनों हाथ से खोलिये ना, आंटी."

"एकही हाथ से खुलना मंगता है," त्या म्हणाल्या. "वो भी लेफ्ट से."

मीरा रोड स्टेशनसमोरचं ते अरुंद दुकान कुलपं, कात्र्या आणि टॉर्चनी भरलेलं होतं. दुकानदाराने आधी भाजीचे चाकू दाखवले होते, मग प्लास्टिकच्या म्यानातला एक. वासंतीबाईंना मिटणारा हवा होता, खिशात राहील असा. आता दुकानदाराने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"बटनवाला मैं रखता नहीं. पुलिस का लफडा होता है. किसके लिये चाहिये?"

"मिस्टर के लिये. उनका राइट साइड गया है. पॅरालिसिस."

खाली वाकून त्याने एक वेगळा खण उघडला.

गुणवंतराव निवृत्त होईपर्यंत एका औषध कंपनीच्या गोदामात पॅकर होते. पँटच्या उजव्या खिशात मिटणारा चाकू कायम. गोदामात सुतळ्या आणि खोकी, घरी पेरू, मुलाच्या पेन्सिली, दुधाची पिशवी, सगळं त्याच चाकूने. दिवाळीनंतर झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. गेल्या आठवड्यात त्यांनी उशीखालून तो जुना चाकू काढला आणि पातं दातांत धरून उघडायला गेले. ओठ फाटला, बनियन रक्ताने भरली. रात्रपाळी करून झोपलेला मुलगा, निकेत, आवाजाने उठून आला आणि त्याने चाकू कचऱ्याच्या डब्यात टाकला. तेव्हापासून गुणवंतराव भिंतीकडे तोंड करून पडून होते. भरवलं तर खायचे, उठवलं तर उठायचे, बोलायचे मात्र नाहीत.

दुकानदाराने तीन-चार चाकू मांडले. एकाच्या पात्याला बाहेर आलेला बारीक दाणा होता. अंगठा लावून ढकललं की पातं सरळ व्हायचं आणि आतल्या खटक्याने घट्ट बसायचं. वासंतीबाईंना तो आवडला. मग त्या मिटायला गेल्या. खटका दाबायचा उजव्या अंगठ्याने, अशीच त्याची घडण होती. डाव्या हाताने दाबता दाबता पातं बोटावर येता येता राहिलं.

"खुल तो गया. बंद कैसा करेंगे वो?"

दुकानदाराने स्वतःचा उजवा हात पाठीमागे नेला आणि प्रयत्न करून पाहिला. त्यालाही जमेना. दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्याला त्याने हातानेच थांबवलं. शेवटी त्याने लाकडी मुठीचा एक साधा चाकू पुढे केला. दाणा होता, खटका नव्हता. वासंतीबाईंनी तो उघडला, पात्याची पाठ मांडीवर टेकवून दाबली. चाकू मिटला.

"ये लो. सस्ता है, पर पत्ती अच्छी है. वो महँगावाला खाली दिखने में."

त्यांनी पुन्हा एकदा उघडून, मिटून पाहिला. मग पर्समध्ये टाकला आणि शेअर रिक्षाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. उभ्या उभ्याच त्यांचे डोळे मिटत होते.

बेव्हर्ली पार्कमधल्या घरी निकेत कॉल सेंटरला जायच्या तयारीत चहा पीत होता. आईने पर्समधून चाकू काढताच त्याने कप खाली ठेवला.

"आई, अगं काय हे? गेल्या आठवड्यात काय झालं, विसरलीस?"

"ते दातांनी उघडत होते म्हणून झालं. हा दातांनी उघडावा लागत नाही."

"मी ओठाबद्दल नाही बोलत." त्याने आतल्या खोलीकडे पाहून आवाज खाली आणला. "दिवसभर भिंतीकडे बघत असतात. त्यांच्या मनात काय चाललंय, माहितीये तुला?"

"नाही माहीत."

"मग?"

"मग तू बसतोस का त्यांच्याजवळ दिवसभर?"

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. खाली कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. बॅग खांद्याला लावून तो दारात घुटमळला.

"निदान लक्ष ठेव," म्हणाला आणि गेला.

वासंतीबाईंनी गुणवंतरावांना आधार देऊन बसवलं. पुढ्यात ताटलीत एक पेरू ठेवला, शेजारी मिटलेला चाकू. ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग चाकू उचलला, अंगठा फिरवून दाणा शोधला. पहिल्यांदा अंगठा घसरला. दुसऱ्यांदा पातं उघडलं. त्यांनी ते उजेडात धरलं, मूठ गुडघ्यावर टेकवून पातं हलतं का ते पाहिलं.

"किती?" त्यांचा आवाज जड येत होता.

वासंतीबाईंनी किंमत कमी करून सांगितली.

"लुटलं तुला."

आठवड्याभरातलं त्यांचं पहिलं बोलणं. वासंतीबाईंना हसू आलं, पण हसायलाही बळ लागतं. पलंगाच्या कडेला बसून त्या बघत राहिल्या. पेरू ताटलीत गडगडत होता, धरायला दुसरा हात नव्हता. वासंतीबाईंचा हात आपोआप पुढे गेला. गुणवंतरावांनी मान हलवली. लुळा हात उचलून त्यांनी पेरूच्या मागे टेकवला, भिंतीसारखा, आणि कापला. वेड्यावाकड्या फोडी झाल्या. एक त्यांनी खाल्ली, एक बायकोकडे सरकवली. पातं लुंगीला पुसलं, मांडीवर दाबून मिटवलं आणि हाताने कमरेपाशी चाचपून पाहिलं.

"द्या, टेबलावर ठेवते."

त्यांनी दिला नाही.

"पँट," ते म्हणाले.

"आत्ता? कुठे जायचंय?"

"खिसा."

वासंतीबाईंनी डोळे मिटून घेतले. इस्पितळातून आल्यापासून लुंगीच होती. सोडायला सोपी, धुवायला सोपी. पँट म्हणजे बटण, चेन, प्रत्येक वेळी उठवणं, बसवणं. दिवसातून एखाद्या वेळी तरी आपल्याला उठावं लागू नये, एवढ्यासाठी त्यांनी चाकू आणला होता.

त्या उठल्या. कपाटाच्या तळातून तपकिरी पँट काढली, खाली बसून आधी लुळा पाय आत घातला, मग दुसरा. कमरेला पँट केवढी तरी सैल झाली होती. पट्ट्याचं शेवटचं भोकही पुरेना. वासंतीबाईंनी पट्टा पाटावर ताणून धरला. गुणवंतरावांनी चाकूचं टोक कातड्यावर टेकवलं आणि मनगट फिरवत राहिले. वासंतीबाईंची बोटं अगदी जवळ होती, पण त्यांनी ती काढली नाहीत. भोक पडलं.

चाकू डाव्या खिशात गेला. ते भिंतीला धरून उभे राहिले, पाय ओढत दारापर्यंत गेले.

"थांबा, मी येते."

"राघो आहे खाली." त्यांनी कडी काढली. जिन्याचा कठडा डाव्या हाताने पकडला आणि वळून पाहिलं. "तू झोप."

पहिल्या मजल्यावरून खाली जायला त्यांना फार वेळ लागला. वासंतीबाई दाराआड उभ्या राहून एकेक पाऊल ऐकत होत्या. मग वॉचमन राघोचा आवाज आला, "काका! आज पँट?" त्यावर गुणवंतराव काहीतरी बोलले. शब्द कळले नाहीत, पण उत्तर बरंच लांब होतं.

दार लोटून, कडी न लावता, त्या पलंगावर आडव्या झाल्या. उतरताना कठडा डाव्या हाताला येतो. चढताना तो उजव्या हाताला येणार, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. उठावं म्हणून त्यांनी कोपर टेकवलंही.

हाक मारतील, तेव्हा बघू, असं म्हणून त्यांनी कूस बदलली.