दोन कर्जांचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, पण रडगाणे गायला उभा नाही. माझ्या छातीवर कागदाचा एक चौकोनी डाग आहे. तो मी मिरवतो.

सुताराने मला घडवतानाच मध्यावर पत्रांसाठी फट ठेवली. घरमालक घड्याळजी होता. त्याने बँकेचे कर्ज काढून हे घर बांधले. ते अर्धेही फिटले नव्हते, तोच त्याने घर विकायला काढले. घेणारी होती शिवणकाम करणारी एक बाई. पगाराचा कागद नाही म्हणून तिला कोणतीच बँक दारात उभी करत नव्हती.

घड्याळजी म्हणाला, "ताई, बँक हवी कशाला? हप्ता मला द्या. त्यातूनच मी बँकेचा भरतो, वर उरेल तो माझा वाटा. सगळं फिटलं की घर तुमच्या नावावर."

"म्हणजे जुन्या अभ्र्यावर नवा अभ्रा," बाई हसली. "आतला विरला नाही म्हणजे झालं!"

तिचा हप्ता एकदाही चुकला नाही. तिने मला रंग दिला, बिजागऱ्यांना तेल घातले. चौथ्या वर्षी मात्र माझ्या फटीतून घड्याळजीच्या नावाची बँकेची पाकिटे पडू लागली. दुसऱ्याचे पत्र फोडायचे नाही, हा तिच्या आईचा दंडक. गिऱ्हाइकाच्या खिशात सापडलेली चिठ्ठीही ती न वाचता परत करी. पाकिटे दोऱ्याने बांधून ती हप्त्यासोबत घड्याळजीला देई आणि तो ती खिशात घाली. पुढे पाकिटांवर लाल शिक्के आले. मला फट दिली, वाचा दिली नाही, याचा मला तेव्हा फार राग आला.

एके सकाळी बँकेच्या माणसाने खळ लावून माझ्यावर नोटीस चिकटवली. अकरा हप्ते थकले होते, घर जप्त होणार होते.

"मी घड्याळजींना पै न् पै भरलीय!" बाई म्हणाली.

"त्यांना भरलीत, ताई. आमच्याकडे आली नाही. आमच्या कागदावर तुम्ही नाहीच."

"नाही कशी? या घ्या त्यांच्या सहीच्या पावत्या. आणि थांबा इथंच!"

गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून ती गेली आणि तिने घड्याळजीला दुकानातून उठवून माझ्यासमोर उभे केले.

"धंदा बसला होता, ताई. पुढच्या महिन्यात नक्की..."

"पुढचा महिना गेला खड्ड्यात! आता आतली शिवण मीच घालणार. हप्ता थेट बँकेत. थकलेलं तुमच्या वाट्यातून वळतं होईल, मग उरलं तर तुमचं. द्या लिहून, या साहेबांसमोर."

घड्याळजीने माझ्याच फळीवर कागद टेकवून लिहून दिले. बँकेने बाईचे नाव कागदावर घेऊन मुदत दिली, थकबाकी फिटली आणि माझ्यावरची नोटीस निघाली. सोबत माझा रंगही निघाला. बाईने मला पुन्हा रंगवले, तो चौकोन सोडून.

मित्रांनो, घर घेताना नुसती माझी कडी वाजवू नका. त्या घरावर आधीचे कर्ज आहे का, ते कोण भरते, हे बँकेत जाऊन विचारा. विचारायला लाजू नका.

आता माझ्या फटीतून बँकेची पावती पडते, बाईच्या नावाची. ती माझ्यासमोर उभी राहूनच पाकीट फोडते.