मागापुढचा ठोकळा

माग थांबले होते, आणि त्या थांबण्याची कोणालाच सवय नव्हती. सुताची बारीक तुसे हवेत तरंगत होती. पाहणीला आलेल्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले होते, "हा ठोकळा इथे कोणासाठी?" मालक छताकडे पाहत राहिले. चाकावर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईने त्यावरचा हात काढला नाही, पण चाक फिरत नव्हते. वर पोटमाळ्यावर, गठ्ठ्यांमागे, कोणीतरी शिंक गिळली.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. त्या शांततेचे कारण मीच होतो.

एका सुताराने मला मोडक्या दाराच्या फळ्यांतून घडवले. माप देण्यासाठी मालकांनी मागापुढे एक लहान मुलगी उभी केली. मागाच्या उंचीतून तिची उंची वजा झाली. जे उरले, तो मी.

"बसायला गैरसोयीचा होईल, मालक," सुतार म्हणाला.

"बसायचंय कुणाला? उभं राहायला कर."

सुताराने माझ्या कडा मात्र फार वेळ घासल्या, कुसळ म्हणून राहू दिले नाही.

त्या मुलीला सारे गुंडी म्हणत, कारण ती सदऱ्याच्या गुंडीएवढीच होती. कांड्या भरणारी बाई तिची आई. मागावरचा धागा तुटला की गुंडी माझ्यावर चढे, वाकून दोन्ही टोके शोधी आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाठ मारी. "पोरीच्या बोटांना डोळे आहेत," मालक कौतुकाने म्हणत, आणि मला पायाने थोपटून पुढे जोडत, "आणि हा माझा अर्धा कारागीर!" मी फुगून जाई. लाकूड काही केवळ पाण्यानेच फुगत नाही.

पण तिच्या टाचांनी माझ्या पाठीवर दोन उथळ खळगे पाडले, आणि त्यांतून मला तिचा दिवस कळू लागला. सकाळी तिचे वजन दोन्ही पायांवर सारखे असे. दुपार कलली की ते एका पायावर येई, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. शीण असा जागा बदलत राहतो, जात नाही.

पाहणीची कुणकुण लागली तेव्हा मालकांनी गुंडीसह मागांवरची सगळी मुले पोटमाळ्यावर चढवली. त्यांच्या चपला पोत्यात भरल्या, पाण्याचे छोटे पेलेसुद्धा लपवले. मला हलवायचे मात्र कोणाला सुचले नाही. रोज पाहून पाहून मी त्यांना दिसेनासा झालो होतो.

"दिवा बदलायला लागतो," बाईंच्या त्या प्रश्नावर मालक अखेर म्हणाले.

बाई चपला काढून माझ्यावर चढल्या आणि हात उंच केला. दिवा तरीही हातभर वर राहिला. "दिवे तर तुम्ही लावलेच आहेत, मालक," त्या उतरत म्हणाल्या. "ठोकळा कोणाचा, ते सांगा."

"माझ्या लेकीचा," आई म्हणाली.

"तुझं काम जाईल हं!" मालक गुरकावले.

"जाऊ दे. गुंडे, ये गं खाली."

मग बाई माझ्यावर बसल्या. माझ्यावर कोणी बसण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी आईला सांगितले, की समुद्रापलीकडच्या एका देशाच्या सरकारने आपल्या अंदाजपत्रकातून निधी राखला होता. इथल्या मुलांनी कामावरून शाळेत यावे, यासाठी. त्यातून बाई मुलांचा वर्ग चालवणार होत्या, आणि त्यांच्या आयांना शिवणकाम शिकवले जाणार होते.

"आणि तो पैसा थांबला तर?" आईने विचारले.

"थांबू शकतो, ताई. खोटं कशाला सांगू? म्हणून तर त्याआधी हिला मोठ्या शाळेत बसवायचं. ती आपल्याच सरकारची आहे, ती कुठे जात नाही."

जाताना बाईंनी मलाही उचलले. "न्या, न्या," मालक म्हणाले, "मेलं लाकूडसुद्धा उलटलं माझ्यावर!"

अशा रीतीने मी एका जुन्या गोदामात, फळ्यापुढे, पुन्हा उभा राहिलो. त्याच खळग्यांत तीच पावले आली, पण आता ती उड्या मारत चढत. पहिले काही दिवस गुंडी दिसेल त्या दोऱ्याला गाठ मारी. दप्तराचे बंद तिने असे बांधले की बाईंना कात्री आणावी लागली. हळूहळू तिची बोटे खडूला सरावली. फळ्यावरची सर्वांत वरची ओळ तिची असे. एके दिवशी तिने ती ओळ जमिनीवर उभी राहूनच लिहिली, आणि नंतर मला कोपऱ्यात सरकवले गेले. माझ्यावर धूळ बसली. मित्रांनो, सगळी उपेक्षा दुःखाची नसते. कोणाची तरी उंची वाढल्यामुळे आपण विसरले जाणे, याहून सुंदर विस्मरण मला ठाऊक नाही.

गुंडी मोठ्या शाळेत गेली. आई घरी शिवणयंत्र चालवू लागली. आणि मग दूर कुठेतरी अंदाजपत्रकातली एक ओळ खोडली गेली. वर्ग बंद झाला. बाईंनी बहुतेक मुले तोवर मोठ्या शाळेच्या पटावर चढवली होती. काही चिमुरडी तेवढी उरली. त्यांना आपल्या घरी संध्याकाळी शिकवायचे, असे मायलेकींनी ठरवले.

ज्यांच्या हाती अशा ओळी असतात, त्यांना माझी एकच विनंती आहे. ती खोडण्याआधी एकदा माझ्यावर अनवाणी उभे राहा. खळगे अजून आहेत. तुमची पावले त्यांत मावणार नाहीत, आणि तेवढे कळले तरी पुरे. मित्रांनो, तुम्हीही ध्यानात ठेवा: दुसऱ्याला उंच करणारी वस्तू जपायची असते, पण ती कशापुढे ठेवायची, हे आधी ठरवायचे असते.

गोदाम रिकामे होत होते तेव्हा गुंडी त्या चिमुरड्यांसाठी मला न्यायला आली. कपाट विकत घ्यायला आलेले मालक दारातच होते.

"काय गं गुंडे, ओळखलंस का? वर्ग तर मिटला. मग उद्यापासून येतेस ना मागावर? आता तर तुला ठोकळाही लागायचा नाही!"

आईने पदराने पुसावी तशी गुंडीने ओढणीने माझी धूळ पुसली. मला काखोटीला मारले आणि चालू लागली.

"अगं, तुलाच विचारतोय!"

तिच्या काखेतून मी मागे पाहिले. दारातले मालक लहान लहान होत चालले होते.