नळीचं वरचं टोक

प्रयोगशाळेत तिला सगळे बारीकताई म्हणत, अंगामुळे नव्हे, नजरेमुळे. वाळूच्या कणाहून लहान कवचं ती ओल्या ब्रशने उचलून मोजायची. तपकिरी कवचांचे जीव गवताळ दलदलीत, भरती क्वचितच पोचते तिथे राहतात. पांढरे राहतात रोज पाण्याखाली जाणाऱ्या चिखलात. यंदा किनाऱ्याच्या चिखलात ठोकून काढलेल्या दोन हात लांब नळीत वर तपकिरी, खाली, म्हणजे जुन्या थरांत, पांढरी निघाली होती. म्हणजे जमीन समुद्रातून वर येतेय, किनाऱ्यावरची वस्ती हलवायला नको. तिची आई त्याच वस्तीत राहायची, आणि काल हिने फोनवर आईला सांगूनही टाकलं होतं.

चार वाजता साहेब हेच सांगणारा अहवाल बैठकीत ठेवणार होते. साडेतीनला, एवढीच राहिलीय म्हणून, तिने तळाची शेवटची बशी भिंगाखाली सरकवली आणि पुन्हा वाकून पाहिलं. पांढऱ्या कवचांत गुलाबी ठिपके होते. नळीतल्या चिखलाचे नमुने कापले त्याच दिवशी त्यांत गुलाबी रंग घातला होता. तो फक्त जिवंत जिवांनाच चढतो. आणि जिवंत जीव असतात अगदी वरच्या बोटभर चिखलात. दोन हात खाली ते कशाला मरायला जातील?

नळीला टोपणं तिनेच लावली होती, लाल वर, काळं खाली. ती उलटी लागली होती. जमीन वर येत नव्हती, खचत होती.

बशी धुवायला कितीसा वेळ लागतो? कुणी विचारणार नव्हतं, आईचं घर राहिलं असतं. हात नळापर्यंत गेलाही, खोटं कशाला बोलायचं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच? पाणी येणारच होतं, आणि तेव्हा आई घरात असणार होती.

बशी घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली. "अहवाल थांबवा, साहेब. नळी उलटी आहे. चूक माझी."

साहेबांनी भिंगातून दोनदा पाहिलं. "तुमची आई तिथेच असते ना?"

"हो."

"बैठकीत सांगतो," एवढंच म्हणून ते गेले.

जिन्यात उभं राहून तिने आईला फोन लावला, सगळं सांगितलं.

"शेजारीण निघाली होती गं," आई म्हणाली. "लेकरांसकट, सामान गाडीत चढवून. काल मीच अडवली. म्हटलं, माझ्या लेकीने तपासलंय."

"मग तिला सांग आता."

"मला तोंड नाही. तू ये आणि तूच सांग."

तिला रडू फुटलं. "येते," म्हणाली.